कोतवालाची झुंज आणि आपला कॅमेरा

उन्हाळ्याच्या अखेरीस झाडाच्या शेंड्यावरून जाणाऱ्या घारीवर एखादा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा लहानसा पक्षी तुटून पडतांना आपण पाहिला असेल. तो कोतवाल. घरटें जवळ असलें कीं आपल्याहून कितीतरी मोठ्या घारीचीही तो पाठ धरतो.

हें द्वंद्व छायाचित्रांत पकडावें कसें? सेकंदाला १० मीटर वेगानें जाणारा पक्षी १/२५० सेकंदांत ४ सेंटिमीटर सरकतो आणि चित्र अस्पष्ट होतें. १/२००० सेकंदांत तो अवघा ५ मिलिमीटर सरकतो. नेम मात्र घारीवर धरावा. तिची चाल संथ असते, आणि कोतवाल वरून, मागून तिच्याकडेच येणार असतो. उजळ आकाशापुढें त्याचें काळें अंग नुसती सावली होऊं नये म्हणून चित्राला प्रकाश थोडा अधिक द्यावा.

एक गोष्ट विसरूं नये. कोतवाल आपल्याच डोक्यावर झेपावूं लागला, तर आपण त्याच्या हद्दींत शिरलों आहों असें समजावें. तो आपल्याशीं झुंजत असतां तिकडे कावळ्याला अंडीं-पिलें मोकळीं सांपडतात. अशा वेळीं मुकाट्यानें मागें फिरावें. झुंज आपण पाहावी, टिपावी. ती लावून देऊं नये.