पन्नाशीपलीकडचा पारा : थारमधल्या उष्णतेच्या अंदाजाची दहा वर्षं

१९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदीला पारा ५१ अंश सेल्सिअसवर पोचला. भारतात अधिकृतपणे नोंदलेलं हे आजवरचं सर्वोच्च तापमान. त्याआधीचा उच्चांक अलवरच्या नावावर होता : १० मे १९५६, ५०.६ अंश. तब्बल साठ वर्षं टिकलेला विक्रम मोडल्यामुळे फलोदीचं नाव देशभर झालं. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पहिल्यांदा घडली होती, तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही. भारतीय हवामान विभागाने एप्रिल ते जून या तीन महिन्यांच्या तापमानाचा हंगामी अंदाज उन्हाळा तापायच्या आधीच जाहीर केला होता. थारच्या वाळवंटातल्या उष्णतेचा अंदाज कसा बदलत गेला याचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात म्हणूनच २०१६ पासून करावी लागते.

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. वेधशाळेच्या आवारात, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या रंगाची एक लाकडी पेटी उभी असते. तिच्या भिंती झडपांच्या, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन शिरत नाही. दार उत्तरेकडे, म्हणजे ते उघडलं तरी उन्हाची तिरीप तापमापकावर पडत नाही. आत कमाल तापमापक जवळजवळ आडवा ठेवलेला असतो. त्याच्या नळीच्या मुळाशी एक अरुंद गळा असतो. ऊन चढेल तसा पारा या गळ्यातून पुढे सरकतो, पण हवा निवल्यावर आपोआप मागे येत नाही. निरीक्षक संध्याकाळी आकडा वहीत टिपतो आणि तापमापक झटकून पारा खाली आणतो. फलोदीचे ५१ अंश हे असे सावलीतले, खेळत्या हवेतले आहेत. त्याच दुपारी उघड्या वाळूवर पाय ठेवणाऱ्याला किंवा पत्र्याच्या छपराखाली बसणाऱ्याला सोसावा लागणारा ताप याहून पुष्कळ जास्त असतो. अंदाजातला आकडा वाचताना ही गोष्ट कायम लक्षात ठेवायला हवी.

थार एवढा तापतो त्याला तीन-चार कारणं एकत्र यावी लागतात. मे महिन्यात वायव्य भारत आणि पाकिस्तानवर वातावरणाच्या वरच्या थरात जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडतं. त्यातली हवा खाली दबत येते आणि दबताना तापते. ढग धरत नाहीत, त्यामुळे ऊन अडवायला काहीच उरत नाही. जमीन कोरडी ठक्क. ओल असती तर सूर्याची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडली असती. इथे ती सगळी जमीन आणि हवा तापवण्यात जाते. त्यात वायव्येकडून लू, म्हणजे उष्ण कोरडा वारा, सुटते. हे सगळं जुळून चार-पाच दिवस टिकलं, की पारा रोज थोडा थोडा चढत पन्नाशीला भिडतो.

यावर उतारा येतो तो बहुधा पश्चिमी झंझावाताचा. भूमध्य समुद्राकडून येणारी ही प्रणाली उत्तर भारतावरून सरकते, सोबत ढग आणि धुळीची आंधी आणते, क्वचित सरीही पडतात आणि दोन दिवसांत पारा उतरतो. म्हणून पूर्वानुमान करणाऱ्याला एकाच वेळी दोन्हीकडे नजर ठेवावी लागते : वरचा जास्त दाब किती दिवस हलणार नाही, आणि पुढचा झंझावात कधी पोचणार.

२०२० हे याचं उत्तम उदाहरण. २० मे रोजी अम्फान चक्रीवादळ पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर उत्तर भारतावर कोरडे वायव्य वारे मोकाट सुटले आणि २६ मे रोजी राजस्थानातल्या चुरूला ५० अंशांची नोंद झाली. लाट ऐन भरात असतानाच, महिनाअखेरच्या झंझावाताने दिलासा मिळेल असं विभागाने सांगितलं होतं. तो मिळालाही. लाट कधी संपणार हे आधी कळणं ही लहान बाब नाही. रुग्णालयात किती खाटा राखून ठेवायच्या, पाण्याचे टँकर किती दिवस लावायचे, हे सगळं त्यावर ठरतं.

राजस्थानातल्या लोकांचा स्वतःचाही एक अंदाज आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, साधारण २५ मेला, की पुढचे नऊ दिवस म्हणजे नौतपा. हे दिवस वर्षातले सर्वांत तापलेले असतात, आणि ते चांगले तापले तर पाऊसही चांगला होतो, असा लोकांचा अनुभव. चुरूचे २०१९ मधले ५०.८ अंश १ जूनचे, २०२० मधले ५० अंश २६ मेचे आणि २०२४ मधले ५०.५ अंश २८ मेचे. तिन्ही नोंदी नौतप्यातल्याच. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेलं हे ज्ञान मोलाचं आहे. पण फलोदीचे ५१ अंश १९ मेचे होते आणि अलवरचा जुना विक्रम तर १० मेचा. नक्षत्र हंगामाचा कळस सांगतं. यंदा नेमका कोणता दिवस जीवघेणा ठरेल हे सांगायला तापमापक, उपग्रह आणि गणितच लागतं.

या गणिताचा मोठा भाग पुण्यात घडला, ही मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी गोष्ट. हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकाला नाव मिळालं ते त्यावरूनच. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण १९६२ मध्ये पुण्यात सुरू झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था इथेच वाढली. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देणाऱ्या पद्धतीमागे या संस्थेचं काम आहे. संगणकातल्या प्रारूपात भूभाग चौकटींत विभागलेला असतो. २०१८ मध्ये पुण्यात ‘प्रत्यूष’ महासंगणक आला, तेव्हा ही चौकट सुमारे १२ किलोमीटरची होती. २०२४ मध्ये ‘अर्क’ आला आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने ती ६ किलोमीटरवर आणली. चौकट जितकी लहान, तितका वाळूचा टापू, कालव्याकाठचं शेत आणि दाट वस्तीचं शहर यांतला फरक अंदाजात उतरण्याची शक्यता जास्त.

पण अंदाज सुधारला म्हणजे माणसं वाचली असं होत नाही. हे सर्वांत आधी ओळखलं ते वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या अहमदाबादने. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातला तो पहिलाच. तापमान ४१ अंशांच्या पुढे गेलं की पिवळा इशारा, ४३ च्या पुढे नारंगी आणि ४५ ला लाल. प्रत्येक रंगासोबत कोणत्या खात्याने काय करायचं ते ठरलेलं. अंदाजाला कामाची जोड दिली ती या आराखड्याने. पुढे देशभरच्या शहरांनी आणि राज्यांनी त्याचाच कित्ता गिरवला.

२०२४ च्या उन्हाळ्याने या सगळ्याची कसोटी पाहिली. १ एप्रिललाच विभागाने सांगितलं होतं की, मैदानी प्रदेशात एरवी चार ते आठ दिवस लाटेचे असतात, यंदा काही भागांत ते दहा ते वीस होतील. २५ मेला फलोदी पुन्हा ५० अंशांवर गेलं, तीन दिवसांनी चुरूने पन्नाशी ओलांडली. अंदाज खरा ठरला, तरी राजस्थानात माणसं दगावली. इतकी की ३० मेला राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सरकारला जाब विचारला. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूरमधून ५२.९ आणि नागपुरातून ५६ अंशांचे आकडे आले. स्वयंचलित यंत्रांच्या संवेदकांतल्या दोषामुळे हे आकडे चुकीचे आल्याचं तपासणीनंतर विभागाने स्पष्ट केलं. खरं तर पन्नास अंश पुरेसे भयंकर आहेत. असे आकडे खातरजमा होण्याआधी पसरले, की उद्याच्या खऱ्या इशाऱ्यावरचा लोकांचा विश्वास उडतो, आणि वेधशाळेजवळ विश्वासाशिवाय दुसरं भांडवल नसतं.

दहा वर्षांच्या या वाटचालीत दोन उणिवा मला फार जाणवतात. पहिली रात्रीची. दिवसभर तापलेलं शरीर निवतं ते रात्री. रात्रीचं तापमान उतरलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं तेच ऊन अधिक घातक ठरतं. कालव्यांमुळे हिरव्या झालेल्या गंगानगर, हनुमानगडसारख्या भागांत दमटपणाही वाढतो, मग घाम वाळत नाही आणि पारा खाली असूनही जिवाला धोका राहतो. उष्ण रात्रीचे इशारे विभाग आता देतो, २०२३ पासून दमटपणा धरून उष्णता निर्देशांकही प्रायोगिक पातळीवर काढतो. तरी बातम्यांत अजून दुपारचा कमाल आकडाच मिरवतो.

दुसरी उणीव पोहोचण्याची. फलोदीच्या आसपास मिठागरं आहेत, भडल्याचा अवाढव्य सौर प्रकल्प आहे. तिथल्या मजुराच्या मोबाइलवर लाल इशारा येतोही. पण त्या दिवशी काम बंद ठेवलं तर रोजी कोण देणार, याचं उत्तर त्या संदेशात नसतं. चार दिवस आधी मिळालेला अचूक अंदाज त्याच्यासाठी निरुपयोगी ठरतो तो इथे. भर दुपारचं काम पहाटेवर ढकलणं, लाल इशाऱ्याच्या दिवशीची मजुरी न कापणं, कामाच्या जागी पाणी आणि सावली ठेवणं, या गोष्टी मालकाच्या मर्जीवर न सोडता इशाऱ्याशी कायद्याने बांधल्या पाहिजेत.

हे थारपुरतं नाही. विदर्भ आणि मराठवाडाही देशाच्या उष्णतेच्या लाटेच्या पट्ट्यातच येतात. शास्त्रज्ञांनी आपलं काम पुष्कळसं केलं आहे. आता आपल्या महापालिकेने, ग्रामपंचायतीने उष्णता कृती आराखडा केला आहे का, लाल इशाऱ्याच्या दिवशी त्यातलं काय अमलात येतं, हे प्रत्येक वाचकाने मार्च उजाडायच्या आत विचारावं. मे महिन्यात विचारून उपयोग नाही.