लिथियमचा हात कोण धरतं?



मीठ पाण्यात टाकलं की ‘विरघळलं’ असं म्हणून आपण पुढे जातो. पण विरघळलेल्या कणांना धरून कोण ठेवतं? हे समजायला मोबाईलच्या बॅटरीतल्या लिथियमचं उदाहरण छान आहे.

लिथियमच्या क्षारात दोन जोडीदार असतात: धनप्रभारित लिथियम आयन आणि एक ऋणप्रभारित आयन. ईथर या प्रकारच्या द्रावकात दोन कार्बनच्या मध्ये एक ऑक्सिजन असतो. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनच्या मोकळ्या जोड्या असतात, म्हणून लिथियम त्याच्याकडे ओढला जातो. टेट्राहायड्रोफ्युरान हे असंच एक ईथर. त्याचे चार रेणू पुष्कळदा लिथियमला चारही बाजूंनी घेरतात आणि ऋण आयन बाजूला पडतो.

हे डोळ्यांना दिसत नाही, मग कळलं कसं? अशा पदार्थाचा स्फटिक बनवून त्यावर क्ष-किरण सोडतात. किरण कसे विखुरतात, त्यावरून अणूंच्या जागा शोधता येतात.

आता खरी गंमत. पॉलिइथिलीन ऑक्साइड म्हणजे ईथरची लांबच लांब साखळी. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात पीटर ब्रूस यांच्या गटाने १९९९ मध्ये या साखळीच्या आणि लिथियम क्षाराच्या एका स्फटिकाची रचना मांडली. दोन साखळ्या मिळून एक बोगदा तयार होतो. आत लिथियम रांगेत बसतात. प्रत्येकाला पाच ऑक्सिजन धरतात, तीन एका साखळीचे, दोन दुसरीचे. ऋण आयन मात्र बोगद्याच्या बाहेर!

तोपर्यंत समज असा होता, की अशा पॉलिमरमध्ये आयन फक्त अस्ताव्यस्त, मऊ भागातूनच वाहतात, स्फटिकातून नाही. २००१ मध्ये याच गटाने दाखवून दिलं की या स्फटिकांतूनही लिथियम बोगद्यातून पुढे सरकतो. वेग कमी आहे, पण समज बदलला. द्रवाऐवजी घन पदार्थ वापरून बॅटरी बनवू पाहणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट होती.

वर्गात हे खेळून दाखवा. मुलांच्या दोन समोरासमोर रांगा म्हणजे साखळ्या. मधून एक मूल ‘लिथियम’ होऊन जाईल. सगळ्यांनी त्याला घट्ट धरलं तर ते अडकेल. जुना हात सोडत, नवा धरत गेलं तरच पुढे जाईल. मग मुलांनाच विचारा, “पुढे जायला काय लागलं?” उत्तर तीच देतील.

एक सूचना: खरी बॅटरी उघडून दाखवू नका, ती पेट घेऊ शकते.