जुन्या ट्रॅक्टरांची नातीगोती

नर्मदेच्या उत्तर तीरावर, हंडियाच्या अगदी समोर, नेमावर हे गाव आहे. यात्रेकरू येथे येतात ते सिद्धेश्वराच्या दर्शनासाठी व नाभिकुंडासाठी. आज मला बोलावयाचे आहे ते मात्र देवळामागे दूरवर पसरलेल्या काळ्या जमिनीविषयी आणि त्या जमिनीत अद्याप राबणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांविषयी.

ट्रॅक्टर या मुलखात आला तो एका गवतामुळे. मध्य भारतातील पुष्कळशी काळी जमीन स्वातंत्र्याच्या सुमारास कांस गवताने व्यापली होती. त्याच्या मुळ्या इतक्या खोल जातात की बैलांच्या नांगराचे तेथे काही चालत नाही. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने आरंभी अमेरिकन सैन्याने युद्धानंतर मागे ठेवलेल्या यंत्रांनी हे काम हाती घेतले. पुढे १९४९ साली जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. नेमावरच्या वरच्या अंगाला, याच तीरावर, बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर-शिक्षणाचे केंद्र निघाले व १९५९ पासून तेथे ट्रॅक्टरांची परीक्षा होऊ लागली. देशात विकले जाणारे कितीतरी ट्रॅक्टर तेथील कसोटीतून गेलेले आहेत.

गवत मोडणारी ती अजस्र यंत्रे सरकारी होती. शेतकऱ्याच्या अंगणात आला तो पुढचा, लहान ट्रॅक्टर. फरीदाबादचा आयशर १९५९ साली बाहेर पडला. मागोमाग मद्रासचा मॅसी फर्ग्युसन, मुंबईचा इंटरनॅशनल बी-२७५, बडोद्याचा हिंदुस्थान, पिंजोरचा एच.एम.टी. व पंजाबचा स्वराज हे आले. त्यांतले काही आज तिसऱ्या-चौथ्या धन्याच्या दारात उभे असतात. असा ट्रॅक्टर घेणारा माणूस बहुधा थोड्या जमिनीचा असतो. नवा घेण्याची त्याची ऐपत नसते. रब्बीच्या तोंडावर वाफसा आला असता ट्रॅक्टर बंद पडला, आणि शहरातून आणलेला भाग बसला नाही, तर दुसरी खेप होईपर्यंत ओल उडून जाते. त्या भागाच्या किमतीपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे असते. म्हणून कोणत्या ट्रॅक्टरचा कोणता भाग कोणाला चालतो, हा प्रश्न हौशी संग्राहकांपुरता राहत नाही.

या बाबतीत बॉनेटवरचे नाव फसवे असते. कंपन्यांची मालकी पालटत गेली आहे. आयशरचे ट्रॅक्टर २००५ साली मद्रासच्या टॅफेकडे गेले. बडोद्याचा कारखाना १९९९ साली व स्वराज २००७ साली महिंद्रांकडे आला. परंतु मालक एक झाला म्हणून जुन्या स्वराज ७३५ चा भाग बी-२७५ ला बसेल असे मुळीच नाही. स्वराजच्या पोटात पुण्याच्या किर्लोस्करांच्या घडणीचे इंजिन. बी-२७५ चे मूळ ब्रिटनमधले. नाते पाहावयाचे ते आराखड्याचे.

बी-२७५ चेच उदाहरण घेऊ. महिंद्र, व्होल्टास व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३ साली मुंबईत काढलेल्या कंपनीचा हा ट्रॅक्टर. त्याचा वडीलभाऊ बी-२५० व धाकटा बी-४१४. बी-२५० व बी-२७५ यांचे इंजिन एकाच जातीचे, बीडी-१४४. पण वडीलभावाच्या गिअरपेटीत पुढे जाण्याचे पाच वेग, तर बी-२७५ मध्ये आठ. म्हणजे इंजिनाच्या भागांसाठी बी-२५० कडे जावे, गिअरपेटीसाठी जाऊ नये. धाकट्याचे नेमके उलट आहे. त्याच्याही पेटीत आठ वेग आहेत, परंतु इंजिन बीडी-१५४. दोन्ही इंजिनांत दट्ट्याची धाव चार इंचच आहे, नळकांड्याचा व्यास मात्र एकात ३ ३/८ इंच व दुसऱ्यात ३ १/२ इंच. फरक अवघा एक अष्टमांश इंचाचा, पण तेवढ्यानेच दट्ट्या व रिंगा परक्या होतात.

चेकोस्लोव्हाकियातील झेटरच्या अभियंत्यांनी हे नाते योगायोगावर सोडले नाही. त्यांनी एकीकृत मालिकाच आखली. २०११, ३०११ व ४०११ या ट्रॅक्टरांना अनुक्रमे दोन, तीन व चार नळकांडी. प्रत्येकाचा व्यास ९५ मिलिमीटर व धाव ११०. एका नळकांड्याचे घनफळ सुमारे ७८० घन सेंटिमीटर भरते. त्याला दोन, तीन, चारने गुणले की तिन्ही इंजिने हाती येतात. (त्रैराशिक शिकविताना आंब्यांच्या भावापेक्षा हे उदाहरण मला अधिक आवडते.) एकच दट्ट्या तिघांनाही चालावा, दुकानदाराने एकच माल ठेवावा, हा त्यामागील हेतू. बडोद्याचा हिंदुस्थान व पिंजोरचा एच.एम.टी. हे दोघेही याच झेटर-कुळातले. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर-कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, तेव्हापासून हे कूळ ठाऊक असणे अधिकच अगत्याचे झाले आहे. मात्र पहिला आकडा म्हणजे नळकांड्यांची संख्या असा नियम कोणी बांधू नये. ५५११ ला नळकांडी चारच आहेत.

काही भागांना तर कूळच नसते. बेअरिंग हे त्यांतले मुख्य. ट्रॅक्टर कंपनीच्या डबीतले बेअरिंग बहुधा बेअरिंगच्याच कारखान्यात घडलेले असते व त्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. साध्या गोळ्यांच्या बेअरिंगवर ६२०५ असे असेल, तर शेवटच्या ०५ ला पाचाने गुणावे. आतले छिद्र २५ मिलिमीटर. (०४ पासून पुढे हा हिशेब चालतो.) ६३०५ चे छिद्रही तेवढेच, परंतु बाहेरचा व्यास ५२ ऐवजी ६२ व जाडी १५ ऐवजी १७. दांड्यावर दोन्ही बसतील, घरात एकच बसेल. चाकाच्या तुंब्यातील निमुळत्या बेअरिंगचे दोन तुकडे असतात व दोहोंवर वेगळे क्रमांक. दोन्ही उतरून घ्यावेत. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी छापलेली असते.

बोल्टांच्या बाबतीत मात्र डोळा फसतो. अर्ध्या इंचाचा बोल्ट १२.७ मिलिमीटरचा, झेटरसारख्या मेट्रिक यंत्रातला १२ चा. हातात दोन्ही सारखेच वाटतात. अर्ध्या इंचाच्या जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ बोल्टाला इंचात १२ आटे, अमेरिकन जाड आट्याच्या बोल्टाला १३. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे सुखाने जातो आणि मग अडतो. तेथे मिस्त्री पाना दाबतो व आटे मरतात. अडला की काढावा, जोर करू नये.

अवजारे जोडण्याची तीन बिंदूंची रचना हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केली व पुढे साऱ्यांनी ती उचलली. म्हणून एकाचा कल्टिव्हेटर दुसऱ्याच्या मागे लागतो. पी.टी.ओ.चा सहा खाचांचा, १ ३/८ इंची, मिनिटाला ५४० फेरे घेणारा दांडाही असाच सामाईक झाला. पण येथेही दोन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, दुसरीच्या सुमारे साडेअठ्ठावीसच्या. मोठ्या भोकात बारीक पीन घालून काम भागवलेले मी अनेक ठिकाणी पाहतो. भोक हळूहळू लांबट होते, पीन झिजते, आणि उचललेले अवजार एखाद्या दिवशी निसटते. खाली त्या वेळी कोणाचा पाय असेल हे सांगता येत नाही. भोकात बसणारी पोलादी बुशी बाजारात मिळते व तिची किंमत फार नसते. ब्रेक व स्टिअरिंग यांच्या भागांत मात्र असा सांधाही चालू नये. तेथे त्याच मॉडेलचा भाग मिळेपर्यंत ट्रॅक्टर उभा ठेवावा आणि पेरणीसाठी शेजाऱ्याचा भाड्याने आणावा.