थेंबांचा पहारा

आगाशीहून विरारच्या इस्पितळाकडे रिक्षातून निघालेल्या रुग्णाशेजारी त्याचा कोणी नातलग सलाईनची बाटली टपापर्यंत उंच धरून बसलेला ज्याने पाहिला असेल, त्याला सलाईन देणारा सुवाह्य पंप कशासाठी हवा ते निराळे सांगावे लागणार नाही. बाटली शिरेपासून मीटरभर उंच टांगली म्हणजे त्या उंचीमुळे सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब मिळतो, आणि शिरेतील दाब त्याहून पुष्कळच कमी असल्याने द्रव विनासायास आत जातो. परंतु रिक्षात तेवढी उंची मिळत नाही, धरणाऱ्याचा हात अवघडून खाली येतो, थेंब मंदावतात, आणि बाटली रुग्णाच्या हाताहून खाली गेली तर रक्तच उलट नळीत चढू लागते. ५०० मिलिलिटर द्रव चार तासांत द्यायचा, तर २० थेंबांना एक मिलिलिटर भरणाऱ्या सेटमधून मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडावयास हवेत. परिचारिकेने घड्याळ लावून जमविलेला हा हिशेब खड्ड्यांच्या रस्त्यावर टिकत नाही.

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही ज्या सुवाह्य पंपाचा आराखडा करीत आहो, त्यात द्रव यंत्राच्या कोणत्याही भागास शिवत नाही. फिरत्या दांड्यावरील उंचवटे बारीक बोटांची एक रांग पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे क्रमाने दाबतात, ती बोटे नळी बाहेरून चेपीत द्रव पुढे सारतात, आणि कोणत्याही क्षणी निदान एक बोट नळी पुरती बंद करून असते. म्हणून मऊ पिशवी उंचावर असो की रुग्णाच्या कुशीत, प्रवाहात फारसा फरक पडत नाही. पंपाचे दार उघडून नळी बाहेर काढताच ती आपोआप चिमटली जावी, अशीही तजवीज करावी लागते. मात्र तासन्‌तास चेपलेली नळी आपला गोलवा सोडते, आणि दर फेऱ्यामागे द्रव थोडा कमी जातो; सबब पंप रात्रभर चालवून बाहेर पडलेले पाणी तराजूवर तोलावयाचे, तेही वर तेलाचा पातळ थर ठेवून, नाहीतर बाष्प होऊन उडालेले पाणी पंपाच्या नावावर तूट म्हणून मांडले जाईल.

परंतु द्रव ढकलणे हा या कामाचा सोपा भाग होय. बाटली धरणारा मनुष्य केवळ उंची पुरवीत नव्हता, तो पाहतही होता. आणि त्याचा हात मोकळा करावयाचा, तर त्याची नजर यंत्रास देणे प्राप्तच आहे. पिशवी संपल्यावर पंप हवाही त्याच वेगाने शिरेत लोटील, म्हणून नळीच्या एका अंगास श्राव्यातीत ध्वनी सोडणारा आणि दुसऱ्या अंगास तो टिपणारा स्फटिक बसवितात. द्रवातून ध्वनी पार जातो, बुडबुड्याशी अडतो, आणि अडताच मोटर थांबते. नळी कोपराखाली दुमडली तर मागे दाब साठून ती फुगते, आणि कोणी घाईने ती सरळ केली की साठलेला द्रव एकदम आत जातो. तीव्र औषध मंद गतीने चालू असता हे प्राणावर बेतू शकते. म्हणून अडथळा कळताच बोटे उलट फिरवून दाब उतरवावा, असे आम्ही मुक्रर केले आहे. ताशी एक मिलिलिटर अशा गतीत अडथळा कळण्यासच पुष्कळ वेळ लागतो, आणि इशाऱ्याची मर्यादा खाली आणावी तर रुग्णाची प्रत्येक हालचाल अडथळा ठरते. वारंवार खोटा गजर करणाऱ्या यंत्राचा आवाज लोक बंद करून टाकतात. ही मर्यादा कोठे ठेवावी, यावर आमच्यात अजून वाद आहे. नुसत्या लाल दिव्याऐवजी पडद्यावर ‘नळी दुमडली आहे, हात सरळ करा’ अशी मराठी अक्षरे उमटावीत, हा आग्रह मात्र मी सोडलेला नाही. कारण अर्नाळ्याच्या बेटावरून निघालेल्या होडीत रुग्णाशेजारी परिचारिका असेलच असे नाही, भाऊ असेल किंवा सून असेल.