मूळ कर्ता थांबला, लायब्ररी चालू राहिली

पायथॉनमध्ये फोटो लहान-मोठे करणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहायला बसलात की बहुधा ‘पिलो’ ही चित्रांची लायब्ररी हाताशी येते. इन्स्टॉल करायची पिलो, पण कोडमध्ये इम्पोर्ट करायची ‘पीआयएल’. नवशिके इथे हमखास अडखळतात. ‘अधिकृत सपोर्ट संपला म्हणजे लायब्ररी मेली’ असं मानणाऱ्यांनी या दोन नावांची हकिगत जरूर ऐकावी.

पीआयएल फ्रेड्रिक लुंड यांनी 1990च्या दशकात लिहायला घेतली. तिची शेवटची आवृत्ती, 1.1.7, 2009 मध्ये आली आणि मग सामसूम झाली. 2010 मध्ये अ‍ॅलेक्स क्लार्क यांनी पीआयएलच्याच कोडवरून पिलो सुरू केली ती इन्स्टॉल करतानाची कटकट मिटवण्यासाठी. पुढे हातभार लावणारे वाढले. पायथॉन 3 वर जुनी पीआयएल चालत नव्हती, ती सोय 2013 मध्ये पिलो 2.0 ने केली. इम्पोर्टचं नाव मात्र तेच ठेवलं, म्हणून लोकांचे जुने प्रोग्राम फारसे बदलावे लागले नाहीत. घर नव्या माणसांनी सांभाळायला घेतलं, दारावरची पाटी जुनीच राहिली. आता दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती येते.

ही पळवापळवी नव्हे का? नाही. पीआयएलच्या परवान्यानेच बदल करून वाटायची मुभा दिलेली आहे. मूळ हक्काची नोंद तेवढी राखायची. पिलोच्या परवान्यात लुंड यांचं नाव आजही आहे.

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हा मला सगळ्यांत घातक समज वाटतो. चित्रांची लायब्ररी अनोळखी माणसांनी पाठवलेल्या फाइली उघडते. मुद्दाम बिघडवलेली एक फाइल प्रोग्राम पाडू शकते, कधी त्याहून वाईटही घडतं. बेवारस आवृत्तीतली अशी भोकं बुजवायला कुणीच नसतं.

पण ‘कोड खुला आहे, हजारो डोळे बघतायत’ यावरही विसंबू नये. ‘एक्सझेड’ ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी लिनक्समध्ये सर्वत्र वापरली जाते. हा आपला बिनपगारी छंद आहे, असं तिच्या सांभाळकर्त्याने 2022 मध्ये सांगितलं होतं. मदतीला आलेल्या एकाने हळूहळू विश्वास कमावला आणि 2024 मध्ये तिच्यात चोरवाट घातली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने खोदून पाहिलं म्हणून ती सापडली. एकट्या माणसावर इतका भार टाकून आपण सगळे निर्धास्त होतो, याची मला चुटपुट लागते.

आणि मदत करायला निष्णात प्रोग्रामर असावं लागतं, असंही नाही. एखादा फोटो उघडत नसेल तर ती फाइल, पाच ओळींचा कोड, आवृत्तीचा आकडा आणि आलेला एरर सांभाळकर्त्यांना जसाच्या तसा पाठवा. दोष दुरुस्त झाला की पुष्कळदा तीच फाइल चाचण्यांच्या संग्रहात जाते आणि पुढे कोडमध्ये कुणीही बदल केला की पुन्हा उघडून पाहिली जाते.