ओझोनचें माप : जमिनीवरून आणि आकाशांतून

कड्याच्या एका शिवारांत सर कोसळते आणि शेजारचें शिवार कोरडें राहतें, हें आपण दरसाल पाहतों. पर्जन्यमापक उभा आहे तेथलेंच पाणी मोजतो. उपग्रह सारा तालुका पाहतो खरा, पण ढगांवरून अंदाज बांधतो. विश्वास कोणत्या आंकड्यावर ठेवावा? हाच पेंच ओझोनच्या मापांत पडला होता.

ओझोनचा थर मुख्यतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो. सूर्याचे जाचक अतिनील किरण तो अडवितो. एरवीं माणसाच्या कातडीप्रमाणें पिकाच्या पानासही इजा पोंचती. हा सारा वायु जमिनीवरील दाबाखालीं आणून पसरला, तर आपल्याकडे त्याची जाडी जेमतेम अडीच-पावणेतीन मिलिमीटर भरेल.

डॉबसनच्या यंत्राची युक्ति सोपी आहे. सूर्यप्रकाशांतील दोन अतिनील छटा घ्यावयाच्या. एक ओझोन पुष्कळ शोषतो, दुसरी थोडी. खालीं पोंचलेल्या दोहोंच्या प्रमाणावरून वर ओझोन किती तें निघतें. १९२८-२९ मध्यें असें यंत्र कोडाईकनालास चाललें. पुढें पुण्यासही मापें झालीं. आपल्या देशांत अडचण धुळीची. ती मापांत किती फरक पाडते, याचें विवेचन रामनाथन् व करंदीकर यांनीं १९४९ मध्यें प्रसिद्ध केलें. नंतर छटांच्या दोन जोड्या वापरून ही चूक बहुतांशीं काढून टाकतां येऊं लागली.

१९७८ मध्यें निंबस-७ हा उपग्रह सुटला आणि बहुतेक सारी पृथ्वी रोज दिसूं लागली. तरीही दक्षिण ध्रुवाकडील ओझोनची मोठी घट १९८५ मध्यें जाहीर केली ती जमिनीवरच्या यंत्रानें! उपग्रहाचे तेथील फार कमी आंकडे संशयास्पद म्हणून बाजूस पडले होते. ते पुन्हां तपासले तेव्हां मात्र त्या विवराचा विस्तार उपग्रहानेंच दाखविला. एका ठिकाणच्या यंत्रास तें साधतें ना.

दुसरा प्रसंग उलट होता. उपग्रहावरील सूर्यप्रकाश मोजण्याचा पत्रा उन्हानें मंद होत गेला, आणि ओझोन प्रत्यक्षाहून झपाट्यानें घटत असल्याचा भास झाला. डॉबसन यंत्रांशीं ताडून पाहतां १९८८ पर्यंत तें उघडकीस आलें. आजही उपग्रह स्थानकावरून जातो त्या दिवसाचे दोन्हीं आंकडे ताडतात.

पावसाचे नकाशेही हवामानखातें पर्जन्यमापक व उपग्रह यांचे आंकडे मिळवून काढतें. त्यांतला एक चौकोन सुमारें २५ किलोमीटरांचा असतो. कडा आणि आष्टी एकाच चौकोनांत बसूं शकतात.