‘मजेत’ म्हणणारी पाठ

आमच्या घरात कोणत्याही बाईला ‘कशी आहेस?’ विचारा, उत्तर ‘मजेत’ असंच येतं. मातीत माणसं घडवायला लागल्यापासून मी त्या उत्तरापेक्षा पाठ, मान आणि हात बघते.

हे मला फ्रेंच शिल्पकार कामीय क्लोदेल हिने शिकवलं. तिच्या ‘गप्पा मारणाऱ्या बायका’ या छोट्याशा शिल्पात एक जण ओठांशी हात नेऊन काही गुपित सांगते आहे आणि तिघी तिच्याकडे झुकल्या आहेत. त्या झुकलेल्या पाठींतूनच त्यांची जवळीक कळते. १९१३ मध्ये क्लोदेलला घरच्यांनी मनोरुग्णालयात ठेवलं. डॉक्टरांनी सुचवूनही परत नेलं नाही. १९४३ मध्ये ती मनोरुग्णालयातच वारली. ऐकणाऱ्या बायका घडवणारीचंच घरच्यांनी ऐकलं नाही.

भरीव मूर्ती तशीच भाजत नाहीत. थोडी सुकली की कापून आतून पोकळ करतात, वाफेसाठी छिद्र ठेवतात. ओल आत अडकली तर भट्टीत मूर्ती फुटते.

काका गेल्यावर वर्षभर ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्या काकूच्या हाती मी शाडूचा गोळा दिला. तिने गुडघ्यांत डोकं घातलेली बाई केली आणि मग दुपारभर बोलत राहिली.

गणपतीच्या मूर्तीसाठी आणलेली शाडू उरली, तर फेकू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. एखाद्या दुपारी आईच्या, आजीच्या हाती द्या आणि शेजारी बसा. विचारायची घाई मात्र करू नका.